वहाळाला बंधारा, मळ्याला पाट

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. फेब्रुवारी उजाडला की त्याच गावातल्या विहिरीचा तळ दिसू लागतो. पाणी कमी पडतं असं नाही, ते थांबत नाही. सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या) जांभ्याला भोकंच भोकं. पाणी त्यातून खाली उतरतं, खालच्या शेडीच्या (जांभ्याखालच्या गुळगुळीत मातीच्या) थरावर टेकतं आणि उताराला झरा होऊन वहाळात (ओढ्यात) येतं. दिवाळीनंतर वहाळात जे पाणी वाहतं ते असं झिरपून आलेलं असतं. बंधारा घालायचा तो या पाण्यासाठी, वाळू भरलेल्या गोण्यांचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गोण्यांचा बंधारा म्हणजे तळं नव्हे. वहाळाला शंभरात एक उतार आहे, सांडवा (जादा पाणी सोडायची जागा) तळापासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि पात्र सरासरी ५ मीटर रुंद आहे असं धरा. फुगवटा, म्हणजे मागे अडलेलं पाणी, ९० मीटर मागे जाईल आणि त्यात साठेल साधारण २०० घनमीटर पाणी. सेकंदाला ३ लिटर वाहणारा वहाळ एवढं पाणी १८-१९ तासांत आपोआप आणून देतो. म्हणजे बंधाऱ्याची खरी कामं दोन: पाण्याची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत उचलायची आणि काठच्या विहिरींकडे पाणी जिरवायचं. हिशेब करायचा तो वाहत्या पाण्याचा, साठ्याचा नाही. फुगवटा बघून हुरळून जाऊन जास्त जमीन लावली की मार्चमध्ये पीक करपतं.

रुक्ष मुलखातल्या मोठ्या धरणांचं गणित याच्या उलट असतं. नाईलवरच्या अस्वानच्या उंच धरणात पुराचं पाणी पुढच्या दुष्काळी वर्षांसाठी धरून ठेवतात. १९५९ च्या इजिप्त-सुदान करारात वर्षाचा सरासरी प्रवाह ८४ अब्ज घनमीटर धरला आणि त्यातले १० अब्ज घनमीटर बाष्पीभवन व गळतीपोटी बाजूला काढूनच उरलेल्याची वाटणी केली: इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५. आपल्या फुगवट्याचं पृष्ठ जेमतेम ४५० चौरस मीटर. उन्हाने रोज ५ मिलिमीटर गेलं तरी सव्वादोन घनमीटर, आणि वहाळ तेवढ्याच वेळात २५९ घनमीटर आणतो. ऊन इथला शत्रू नाही. गळती आहे.

पाणी मोजा, मग जमीन ठरवा

सगळं पाणी एका धारेत येत असेल तर १५ लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. १० सेकंदांत बादली भरली तर सेकंदाला दीड लिटर. पाणी पसरून वाहत असेल तर पत्र्याला किंवा फळीला नेमक्या काटकोनाची खाच पाडा, टोक खाली. फळी वहाळात आडवी, उभी सरळ बसवा आणि कडा चिखलाने बंद करा. खाचेतून पडणारं पाणी खाली मोकळं पडलं पाहिजे, खालच्या पाण्याला टेकता कामा नये. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची ती फळीला चिकटून नाही, तर उंचीच्या चौपट अंतर मागे, कारण खाचेजवळ पाणी खाली ओढलेलं असतं. उंची ५ सेंटिमीटर आली तर सेकंदाला पाऊण लिटर, १० आली तर सुमारे ४.४ लिटर, १५ आली तर १२ लिटर, २० आली तर जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, म्हणून पट्टी नीट धरा. एका सेंटिमीटरच्या चुकीने अख्खा हिशेब फिरतो.

नोव्हेंबरात मोजलेला आकडा जमिनीसाठी वापरू नका. वायंगणी (पाटाच्या पाण्यावरच्या उन्हाळी) भाताला सगळ्यात जास्त गरज लागते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, पोटरी आणि दाणा भरताना, आणि वहाळ तेव्हाच बारीक होतो. पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी मोजून आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या वर्षाचं पीक त्यावर ठरवा. पहिल्या वर्षी तो आकडा हातात नसतो, तेव्हा भाताच्या वाटेला न जाता कुळीथ, चवळी, पावटा, थोडा भाजीपाला एवढ्यावर भागवावं.

आता जमिनीचा हिशेब. सेकंदाला ३ लिटर म्हणजे दिवसाला सुमारे २६० घनमीटर. मातीच्या पाटात ४० टक्के मुरलं असं धरा, शेतात पोचतात १५५. भाजीला आठ दिवसांतून एकदा ५ सेंटिमीटरचं पाणी देत असाल तर १० गुंठ्यांना ५० घनमीटर लागतात, म्हणजे साडेसात-आठ तासांची पाळी. दिवसाला तीन पाळ्या, आठ दिवसांचा फेरा: एकूण २४ पाळ्या, २४० गुंठे, सहा एकर. त्याच पाण्यावर भात घेतला तर मुरण्यासकट रोज २० मिलिमीटर जातं आणि जमीन उरते जेमतेम दोन एकर, तीही तळातल्या चिकण मळ्यातली. वरच्या तांबड्या कोपऱ्यात उन्हाळी भात लावणं म्हणजे पाणी पुन्हा वहाळाला परत करणं. आगराला पाणी द्यायचं असेल तर पाटापेक्षा नळी आणि ठिबक बरं: माडाला रोज ३० ते ४० लिटर, पोफळीला १५ ते २०.

जागा

पात्र अरुंद, दोन्ही काठ उंच आणि घट्ट, तळाला सलग कातळ किंवा घट्ट माती, आणि वरच्या अंगाला सपाट पट्टा. एवढं मिळालं तर डोळे मिटून ती जागा घ्या. वळणावर बंधारा घालू नये. बाहेरचा काठ पाणी खातंच. तळाला सुटे गोटे असतील तर ते पहारीने हलवून बघा. खाली हातभर गोटेच लागले तर तिथे गोण्या रचून उपयोग नाही, पाणी गोट्यांतून खालून निघून जाईल. कातळ असला तरी त्याला भेग आहे का ते पाहा. भेग आडवी असेल तर चालते. प्रवाहाच्या दिशेने गेलेली भेग मात्र पाण्याला आयता पाट होते.

खाडीजवळच्या गावांनी भरतीची रेषा आधी शोधावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी कुठपर्यंत चढतं ते पाहून बंधारा त्याच्या बऱ्याच वर घ्या. जिभेला खारट लागत नाही म्हणून पाणी गोडं असं होत नाही. मीटरवर विद्युतवाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत आली तर निर्धास्त, ३ च्या वर गेली तर ते पाणी पिकाला देऊ नका. भरतीच्या पट्ट्यात काम करायचं तर ते खारबंदिस्तीचं (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाचं) आणि उघाडीचं (त्यातल्या दाराचं) काम आहे, गोण्यांचं नाही.

खालच्या बाजूला कोणाची विहीर, कोणाचा पाणवठा आहे ते बंधारा घालायच्या आधी विचारून या, आणि ग्रामपंचायत व तालुका कृषी कार्यालय दोघांनाही कळवा. कृषी खात्याचं वनराई बंधाऱ्यांचं (अशाच गोण्यांच्या बंधाऱ्यांचं) काम पावसानंतर चालतंच, गोण्या किंवा निदान माणसं तिथून मिळू शकतात.

मुहूर्त

स्वाती नक्षत्र ६ नोव्हेंबरच्या सुमारास संपतं. त्याच्या आधी घातलेला बंधारा बहुतेक वेळा एका मेघगर्जनेच्या पावसात जातो. त्याच वेळी गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताची कापणीही चालू असते, माणसं मिळत नाहीत. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबरचा पहिला, हा काळ बरा. त्याहून उशीर केला तर झरे कमी होतात आणि फुगवटा भरायलाच वेळ लागतो.

गोण्या आणि माती

उदाहरणाला ६ मीटर लांब, १.२ मीटर उंच बंधारा घेऊ. पायथा २.४ मीटर, माथा ६० सेंटिमीटर. भरण होते १०.८ घनमीटर. ५० किलो सिमेंटची रिकामी गोणी दोन-तृतीयांश भरली की रचल्यावर साधारण २७ लिटर जागा घेते, म्हणजे ४०० गोण्या. वर ४० जास्तीच्या ठेवा, त्या लागतातच. खताच्या गोण्या वापरायच्या तर धुऊन घ्या. गच्च भरलेली गोणी दगडासारखी राहते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही आणि मधल्या फटीतून पाणी जातं. दोन-तृतीयांशच भरा, दाभण-सुतळीने तोंड शिवा.

वाळू बंधाऱ्याच्या जागेजवळून उपसू नका. तिथला खड्डा पुढे पायाखाली शिरतो. काठालगतच्या साचलेल्या वाळवंटातून, निदान २० मीटर लांबून आणा.

उंची कमरेएवढी पुरे. पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो: १.२ मीटर पाण्याला दर मीटर लांबीमागे ७२० किलो, १.५ मीटरला ११२५ किलो. फूटभर उंची वाढवली की रेटा दीडपटीहून जास्त. "अजून दोन थर चढवूया" असं कोणीतरी म्हणतंच. त्याला हा आकडा सांगावा.

गोण्यांच्या दोन भिंतींमधल्या गाभ्याची माती हा बंधाऱ्याचा जीव. सड्यावरची तांबडी माती पाणी धरत नाही. शेडी दिसायला चिकण, हाताला गुळगुळीत, पण पाण्यात विरघळून वाहून जाते, त्यामुळे तीही नको. मळ्याच्या तळची काळपट चिकणमाती घ्या आणि दोन परीक्षा करा. ओल्या मातीची पेन्सिलएवढी जाड वळी करून वाकवा, ती तुटता कामा नये. दुसरी: लिंबाएवढा गोळा पेलाभर स्वच्छ पाण्यात न हलवता १० मिनिटं ठेवा. पाणी आपसूक गढूळ झालं तर ती माती बंधाऱ्यात विरघळेल, दुसरी शोधा.

रचणं

गोण्या आदल्या दिवशी भरून ठेवल्या तर १५ माणसांत रचण्याचं काम एका दिवसात उरकतं. प्रथम पाणी एका काठाने वळवा. तळाला मातीचा थर असेल तर ३० सेंटिमीटर खोल चर खणा. कातळ असेल तर शेवाळ लोखंडी ब्रशने घासून काढा आणि ओल्या चिकणमातीचा हात फिरवा. शेवाळावर ठेवलेली गोणी कितीही जड असली तरी घसरते. दोन्ही काठांत ६० सेंटिमीटर ते १ मीटर खाच खणून बंधारा आत घुसवा. लोकांचा कंटाळा नेमका इथे येतो आणि बंधारे फुटतात तेही बहुतेक इथूनच, कडेने.

गोण्यांच्या दोन भिंती उचलायच्या, मधे अर्धा मीटर पोकळी ठेवून. गोणीची लांबी प्रवाहाच्या दिशेने, शिवलेलं तोंड आतल्या बाजूला, आणि चिऱ्याच्या भिंतीसारखा सांधा मोडून. खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरच्या गोणीचं पोट आलं पाहिजे. प्रत्येक थर पायांनी तुडवून बसवा. पोकळीत चिकणमाती वीतभर टाकायची, थोडं पाणी शिंपडायचं, तुडवायची, मग पुढचा थर. एकदम भरलेली माती वरून घट्ट दिसते आणि आत पोकळ राहते. वर येताना पोकळी अरुंद करत न्या. शेवटच्या दोन थरांना ती नसली तरी चालतं.

तळाशी ७५ मिलिमीटरची नळी आरपार टाका, वरच्या तोंडाला टोपण. पहिल्या दिवसापासून थोडं पाणी तिच्यातून खाली जाऊ द्या. खालच्या पाणवठ्यासाठी ते लागतंच, शिवाय दुरुस्तीला फुगवटा उतरवायचा तर हीच नळी कामी येते. नळीभोवती माती बोटांनी दाबून भरा, कारण गुळगुळीत नळीच्या बाजूने पाणी सरकतं.

वरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, जाड ताडपत्री पसरा. जुना फ्लेक्सही चालतो, आणि निवडणुकीनंतर त्याला तोटा नसतो. कापडाची खालची कड तळाच्या चरात हातभर पुरून तिच्यावर चिकणमाती दाबली तरच उपयोग. नुसतं लटकवलेलं कापड पाण्याला अडवत नाही.

मधे सांडवा: २ मीटर रुंद, बाकी माथ्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली. खाली पडणाऱ्या पाण्यासाठी दीड ते दोन मीटर लांब मोठ्या दगडांची पिचिंग करा, नाहीतर धार पायथा उकरते. हा सांडवा पूर्ण भरून सेकंदाला साधारण ५६० लिटर सोडतो. वहाळाचं पाणलोट एक चौरस किलोमीटर असेल आणि तासात २० मिलिमीटर पाऊस पडून त्यातला ४० टक्के वाहून आला, तर येणारं पाणी सेकंदाला २,२०० लिटर, चौपट. डिसेंबरात असा पाऊस पडत नाही असं म्हणण्याची सोय आता राहिली नाही. २०१७ च्या ओखी वादळाने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच किनाऱ्यावर पाऊस पाडला. म्हणून सांडव्याखालच्या दोन-तीन थरांतल्या गोण्यांना नायलॉनची दोरी बांधून तिचं टोक काठावरच्या झाडाला ठेवा. हवामान खात्याचा इशारा आला की दोरी ओढून मधला भाग मोकळा करायचा. १५ गोण्या पुन्हा बसवणं सोपं, ४०० शोधत फिरणं नाही.

पाट

पाटाला उतार १०० मीटरला १० ते २० सेंटिमीटर. डोळ्याने आखलेला पाट हमखास जास्त उताराचा होतो, पाणी माती खात जातं आणि शेवटी पाट शेताच्या खाली पोचतो. १० मीटरहून लांब पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढा, आणि या पाणसळीने दर १० मीटरला २ सेंटिमीटर उतरत खुंट्या मारा. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी दाखवते.

पाट फुटक्या कातळावरून जात असेल तर तेवढ्यापुरती नळी घाला. ३ लिटरला ९० मिलिमीटरची नळी १०० मीटरमागे सुमारे ४०-४५ सेंटिमीटर उतार मागते. पैसे वाचवायला ६३ ची घेतली तर तोच उतार अडीच मीटर लागतो. नळी मधेच उंचवट्यावरून गेली की तिथे हवा अडकते आणि खालून पाणीच येत नाही. उंचवट्यावर टी लावून हातभर उभी उघडी नळी ठेवली की हवा सुटते.

पाट सुरू झाल्यावर खाचेची फळी तोंडाशी आणि शेपटाशी बसवून पाणी मोजा. निम्म्याहून जास्त वाटेत जात असेल तर बंधाऱ्यावर नाही, पाटावर एक दिवस घालवा.

पाळी शेपटाकडून सुरू करा. तोंडाकडच्याला पाणी दिसत असतं, तो थांबू शकतो. शेपटाकडच्याला ते पोचेपर्यंत फेरा संपतो. धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत (बंधाऱ्यावरच्या जुन्या सामुदायिक सिंचनात) पाणी सोडायचं काम नेमलेल्या पाटकऱ्याकडे असतं. कोकणात तुकडे लहान आणि खातेदार भाऊबंद, तरी एक माणूस ठरवून त्याच्याकडेच फावडं द्यावं. रात्रीची पाळी आलटून-पालटून घ्या, कायम एकाच्या वाट्याला नको.

बिघडतं ते कसं

बंधाऱ्यातून थोडं पाणी पाझरणारच. पाझर स्वच्छ असेल तर काळजी नाही. पाझर गढूळ झाला म्हणजे आतली माती निघू लागली, त्याच दिवशी नळीचं टोपण काढून फुगवटा उतरवा. भोक खालच्या बाजूने बुजवू नका, पाणी आत दाब धरून दुसरीकडे फोडतं. पाण्याच्या बाजूने आत शिरायची जागा शोधा. फुगवट्यात चिमूटभर भुसा सोडला की तो जिथे ओढला जातो ती जागा. तिथे चिकणमातीचे गोळे आणि त्यावर कापड.

पाटाच्या बांधाला कुर्ल्या आणि मुठे बिळं करतात. नुसत्या मातीने बुजवलेलं बीळ दुसऱ्या दिवशी उघडं. मातीत बारीक खडी कालवून ठासली तर टिकतं. पाटावरून रोज सकाळी एक फेरी मारण्याला पर्याय नाही.

उन्हाने गोणीचा धागा कुजतो आणि मार्चमध्ये माथ्यावरच्या गोण्या हाताने फाटतात. माथ्यावर मातीचा थर आणि झावळं टाका, सांडव्याची जागा सोडून.

पक्का बंधारा असेल तर

गावात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर तत्त्व हेच, गोण्यांऐवजी फळ्या किंवा लोखंडी दारं. एक गाळा (दोन खांबांमधली मोकळी जागा) शेवटपर्यंत मोकळा ठेवून बाकीचे आधी बंद करा, म्हणजे काम कोरड्यात होतं. खाचेतला गाळ आणि गोटे काढल्याशिवाय खालची फळी टेकत नाही, आणि खालच्या फळीखालून जाणारं पाणी वरून कशानेही थांबत नाही. रबर चिरलेलं असेल तर बदला; दोन ओळींच्या फळ्या असतील तर मधे चिकणमाती ठासा. काढताना फळ्यांवर गाळ्याचा क्रमांक रंगवा, नाहीतर पुढच्या वर्षी एकही जागेवर बसत नाही.

काढणं

मृगाची वाट पाहू नका. २०२५ साली मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला होता, आणि त्याच्याही आधी पाऊस सुरू होता. १५ मेपर्यंत सांडव्यापासून सुरुवात करून वरून खाली गोण्या काढा, आधी नळीवाटे फुगवटा रिकामा करून. वाळू पात्रात परत टाका, पण एका ढिगात नाही, पसरून. फाटक्या गोण्या आणि फ्लेक्स वहाळात राहिला तर पहिल्या पुरात तो खालच्या मोरीत अडकतो आणि पाणी रस्त्यावर येतं, म्हणून शेवटचा तुकडाही वर आणा. काठांतल्या दोन्ही खाचा मात्र दगडांनी भरून ठेवा, पावसाचं पाणी तिथे आत शिरलं तर काठच ढासळतो. सांडव्याची पातळी काठावरच्या पक्क्या कातळावर रंगाने खूण करून ठेवा. नोव्हेंबरात पाणसळ लावून पाटाचं तोंड पुन्हा शोधत बसावं लागत नाही.